ताणलेल्या दोराजवळ कोण उभे आहे?

जूनचा दुसरा पंधरवडा उलटला की रविवारी सकाळी आमच्या आंबिवलीवरून जाणाऱ्या गाड्यांची जातच बदलते. एरवी रिक्षा, टेम्पो आणि शाळेच्या बसगाड्या बघायची सवय असलेल्या या रस्त्यावर उंच चाकांच्या, पुढे जाडजूड बंपर लावलेल्या, टपावर फावडे आणि पत्र्याचे डबे बांधलेल्या जीपगाड्या दिसू लागतात. कोणी बल्याणीवरून टिटवाळ्याकडे निघालेला असतो, कोणी रायत्याच्या पुलावरून मुरबाड आणि पुढे माळशेजकडे. (उल्हास नदी त्या दिवशी पुलाच्या खालून वाहत असेल तर!) 1947 साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून जीप हे वाहन आपल्या डोळ्यांना सरावाचे आहे. पण तेव्हा जीप असायची ती मामलेदाराची, पाटबंधारे खात्याची, फार तर एखाद्या साखर कारखान्याची. 2020 च्या 2 ऑक्टोबरला नाशिकमध्ये तयार होणारी नवी थार बाजारात आली आणि जीप ही डोंबिवलीतल्या संगणक-अभियंत्याची रविवारची हौस होऊन बसली.

या हौसेवर माझा राग नाही. आठवडाभर वातानुकूलित खोलीत बसणाऱ्या माणसाला चिखल हवासा वाटला तर त्यात गैर ते काय? बायकामुलांना घेऊन चिखलात जाणे हे मॉलमध्ये जाण्यापेक्षा केव्हाही बरे. माझी काळजी सुरू होते ती गाडी रुतल्यानंतर. गाडी रुतणारच, त्यासाठीच तर ती तिथे नेलेली असते. मग दुसरी गाडी पुढे येते, कोणीतरी दोर काढतो, कोणी विंचची तार सोडतो, जवळच्या पाड्यावरची पोरे धावत येतात, रस्त्यावरून जाणारे दुचाकीस्वार थांबतात, घरची मंडळी छत्र्या घेऊन मोबाईलवर चित्रीकरण करू लागतात आणि सगळे मिळून ओरडतात, "ओढ रे, ओढ!"

या घोळक्यात दोर तुटला तर कोणाला लागेल, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. चिखलाची सगळ्यांना भीती वाटते. पण चिखल बिचारा जागच्या जागी असतो. धोका दोरात असतो, आणि तो गाडीत बसलेल्यापेक्षा बाहेर उभ्या राहिलेल्याला अधिक असतो.

मी बँकेत शेतीकर्जाचे काम पाहत होतो, तेव्हा आमच्या शाखेला एक जुनी जीप होती. तिचा मुख्य उपयोग वसुलीसाठी. (इंग्रजीत कर्जवसुलीलाही रिकव्हरी म्हणतात आणि रुतलेली गाडी बाहेर काढण्यालाही रिकव्हरीच म्हणतात. मुरबाड तालुक्यात मी दोन्ही पाहिल्या. दुसरी सोपी.) ऐंशीच्या दशकातल्या एका श्रावणात म्हशींच्या कर्जाची पाहणी करून परतताना आमची जीप भाताच्या खाचराशेजारच्या ओहोळात बसली. गावकरी जमले, कोणाकडून तरी जाड दोर आला, बैलजोडी आली. त्या गर्दीत एक म्हातारे गृहस्थ होते. मूळचे जुन्नरकडचे, घाट उतरून इकडे स्थायिक झालेले. त्यांनी आधी दोराला हात लावलाच नाही. काठी घेऊन त्यांनी पोरे हाकलली. एकाला तर चक्क काठीचा प्रसाद दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सायब, तुमीबी तकडं व्हा. नाडा कोनाला वळखत न्हाई."

नाडा हा शब्द आता किती घरांत समजेल कोण जाणे. विहिरीवर मोट चालायची तेव्हा मोटेला दोन दोर असत. जाड तो नाडा, तो वरच्या चाकावरून जायचा. आणि मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक तो सोंदूर, तो खालच्या कण्यावरून. बैल धावेवरून उतरू लागले की भरलेली मोट वर यायची आणि थारोळ्यात रिती व्हायची. म्हाताऱ्यांच्या लहानपणी भरल्या मोटेचा नाडा तुटला होता आणि त्याचे तुटके टोक मोट हाकणाऱ्याच्या तोंडावर बसले होते. पुढचे त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. आमची जीप तासाभराने निघाली आणि तेवढा वेळ सगळे गाव वीस-पंचवीस पावलांवर गुपचूप उभे होते. त्या माणसाला शाळा ठाऊक नव्हती. पण आज तीस हजारांची विंच लावून फिरणाऱ्या पुष्कळांना जे ठाऊक नाही, ते त्यांना पक्के ठाऊक होते.

ताणलेला दोर म्हणजे ओढून धरलेली बेचकी. आमचा जन्म आकडेमोडीत गेला, तेव्हा थोडा हिशेब मांडतो. समजा, विंचची वीस मीटर पोलादी तार चार टनांच्या ओढीखाली आहे आणि ती शंभरात एक, म्हणजे वीस सेंटिमीटर ताणली गेली आहे. तिच्यात साठलेली शक्ती ही चाळीस किलोचे पोते दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडावे एवढी होते. आता तारेऐवजी झटका देण्यासाठी मिळणारा नायलॉनचा लवचीक दोर घ्या. तो तेवढ्याच ओढीला चार मीटर ताणला गेला तर साठलेली शक्ती वीसपट. एक टनाचा दगड आठ मीटर उंचीवरून सोडावा, तेवढी. दोर तुटला किंवा टोकाचा हुक निसटला की यातला मोठा वाटा त्या तुटक्या टोकाला आणि हुकाला मिळतो, आणि हुक असतो दोन-तीन किलो पोलादाचा. यावरून तो कुठवर जाईल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. म्हणूनच लवचीक दोर झटक्यासाठी असतो. तो विंचला लावायचा नसतो. विंचची ओढ संथ आणि सरळ हवी.

"आम्ही तर हातानेच ओढतो," असे म्हणून सुटका होत नाही. 1997 च्या ऑक्टोबरात तैपेई शहरात एका समारंभात दीड हजाराहून अधिक माणसांची रस्सीखेच ठेवली होती. दोराला एवढ्यांचा जोर सोसला नाही. तो तुटला आणि दोन माणसांचे हात खांद्याखालून तुटले. डॉक्टरांनी ते शस्त्रक्रियेने पुन्हा जोडले. तिथे ना इंजिन होते, ना विंच. होती ती फक्त माणसे, दोर आणि उत्साह.

आता कप्पीकडे वळू. कप्पी ही माणसाने शोधलेल्या फार शहाण्या वस्तूंपैकी एक. आर्किमिडीजने कप्प्यांच्या साहाय्याने भरलेले जहाज एकट्याने ओढले, अशी कथा प्लुटार्कने नोंदवून ठेवली आहे. जहाजाचे जाऊ द्या, जीपचे तत्त्व तेच. आपल्या गाडीच्या विंचची तार समोरच्या झाडाला लावलेल्या कप्पीतून फिरवून परत आपल्याच गाडीला बांधली की दोन पदर ओढू लागतात. विंचवर निम्माच भार येतो. पण कप्पी फुकट काही देत नाही. जोर दुप्पट मिळतो, वेग निम्मा होतो, घर्षणात थोडा भाग जातो तो वेगळाच. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हप्ता निम्मा केला की मुदत दुप्पट होते. घाई असलेल्या माणसाला हा व्यवहार आवडत नाही. चिखलात मात्र हाच व्यवहार शहाणपणाचा, कारण संथपणा हाच तिथे निम्मा बचाव असतो.

कप्पीमुळे आणखी एक फायदा होतो, तो ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. विंचची जाहिरातीतली ताकद ही ढोलावरच्या अगदी आतल्या वेढ्याची असते. ढोलावर तारेचे थरावर थर असले की ती कमी होत जाते. म्हणजे थोडीच तार सोडून जवळच्या झाडाला बांधणारा आपल्या विंचचा जोर स्वतःच घटवतो, तर कप्पीतून दुपदरी तार नेणारा जास्त तार सोडतो आणि अधिक जोर मिळवतो. मात्र शेवटचे पाच-सहा वेढे ढोलावर राहिलेच पाहिजेत. तारेचे टोक ढोलाला धरून ठेवते ते तिथल्या स्क्रूच्या नव्हे, त्या वेढ्यांच्या जोरावर.

पण कप्पीचा जामीनदार कोण, हे कोणी तपासत नाही. तीस-पस्तीस वर्षे मी कर्जदारांची पत तपासली. बुडालेल्या खात्यांत वाईट ठरायचा तो बहुधा जामीनदारच. इथे जामीनदार म्हणजे ते झाड. समजा, अडकलेली गाडी आणि ओढणारी गाडी शेजारी शेजारी उभ्या आहेत, समोरच्या झाडाला कप्पी आहे आणि तार एकीकडून निघून कप्पीला वळसा घालून दुसरीकडे जाते. गाडीला दोन टनांची ओढ लागते आहे. तार दोन टन सोसते. झाड मात्र दोन आणि दोन असे चार टन सोसते. कप्पीही चार टन, कप्पीचा शॅकलही चार टन, झाडाभोवतीचा पट्टाही चार टन. तारेने काटकोनात वळण घेतले तरी त्या जामीनदारावर सुमारे पावणेतीन टन येतात. आणि तो जामीनदार असतो आषाढात भिजलेल्या, मुळांखाली हातभर माती असलेल्या उतारावरचा. विजेच्या खांबाला कप्पी लावणारे महाभागही मी पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल काय बोलणार!

या मांडणीत सर्वांत वाईट जागा कोणती, तर तारेच्या वळणाच्या आतला त्रिकोण. पट्टा सुटला किंवा झाड उपटले तर तार त्या त्रिकोणातून आडवी फटकारा मारत जाते. आणि चित्रीकरण करणाऱ्याला नेमका तिथूनच सगळा देखावा छान दिसतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त रिगर राहतात. मोहने-आंबिवलीच्या पट्ट्यात नॅशनल रेयॉनचा कारखाना 2009 साली बंद पडेपर्यंत हजारो घरे त्यावर चालत होती, त्यामुळे यंत्र उचलणारी, सरकवणारी, चेनकुप्पीवर उभे आयुष्य काढलेली माणसे आमच्याकडे आजही गल्लोगल्ली भेटतात. हे गृहस्थ दुसऱ्या एका कारखान्यातले, पण त्याच मुशीतले. त्यांच्याकडे माझा भाचा आपली नवी खरेदी दाखवायला घेऊन गेला होता. पट्टा, दोन शॅकल, कप्पी, एक हुक. त्यांनी चष्मा लावून एकेक वस्तू उलटीपालटी केली आणि दोन ढिगारे केले. एका ढिगाऱ्यातल्या वस्तूंवर भार कोरलेला होता, दुसऱ्यातल्या वस्तूंवर नव्हता. दुसरा ढिगारा त्यांनी भाच्याला परत देताना एवढेच म्हटले, "याला कपडे वाळत घाला."

या कोरलेल्या आकड्याचे महत्त्व विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. पाऊण इंची चांगल्या शॅकलवर पावणेपाच टन असे लिहिलेले असते. तो काम करण्याचा सुरक्षित भार, तुटण्याचा नव्हे. तुटण्याचा भार त्याच्या कित्येक पटींनी जास्त असतो आणि ती मधली तफावत म्हणजे आपला जीव. स्वस्त पट्ट्यांच्या पाकिटावर मात्र तुटण्याचाच आकडा मोठ्या अक्षरांत छापून ग्राहकाला भुलवतात. विहिरीवर घागर ओढायची बाजारातली कप्पी जीपला लावणारेही आहेत. दोन्हींना आपण कप्पीच म्हणतो, त्याचा हा परिणाम. गाडीसाठीच्या कप्पीची एक बाजू उघडते, मधोमध तार बसवून ती बंद करता येते, आणि तिच्यावर भार कोरलेला असतो. नागदेवी स्ट्रीटवर चांगला दुकानदार असली कप्पी दाखवतो, पण आधी "कशासाठी हवी?" असे विचारतो. जो विचारत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

दोर गाडीला कुठे बांधायचा, हा याच्याही पुढचा गोंधळ. गाडीच्या सांगाड्याला कंपनीने दिलेली ओढण्याची जागा असते. ती कुठे आहे, हे मालकाला ठाऊक नसते, कारण गाडीसोबत मिळालेले पुस्तक त्याने उघडलेलेच नसते. मग दोर जातो बंपरला. गाड्यांना पुढे लोखंडी बुल बार लावण्यावर केंद्रीय परिवहन मंत्रालयाने 2017 च्या डिसेंबरात बंदी घातली, ती पादचाऱ्यांच्या आणि गाडीतल्यांच्या सुरक्षेसाठी. पण चार बोल्टांवर टांगलेल्या अशा शोभेच्या लोखंडाला दोर बांधून झटका दिला की ते लोखंडच दोरासकट सुटून निघते, हा त्यातला आणखी एक गुण.

आणि हे सगळे करण्याआधी दहा मिनिटे फावडे मारले तर? चाके निम्मी बुडालेली गाडी ओढायला तिच्या वजनाएवढाही जोर लागू शकतो, असे जाणकार धरून चालतात. चाकांपुढची माती उपसली, खाली दगड किंवा फळी सारली, टायरमधली हवा थोडी कमी केली, तर तोच जोर पुष्कळ उतरतो. दोरावरचा ताण कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फावडे. पण फावडे मारताना चित्रीकरणात काही मजा येत नाही.

तारेवर मधोमध जाड गोधडी किंवा वाळूची पिशवी टाकावी, म्हणजे तुटलीच तर ती हवेत न उडता खाली येते. हातात चामड्याचे मोजे हवेत. झिजलेल्या तारेची कुसळे तळहातात घुसली की काय होते, ते अनुभवलेल्याला विचारा. ताणलेली तार कधी ओलांडू नये. आता तारेऐवजी धाग्याचे हलके दोर आले आहेत, ते तुटले तर कमी झोडतात. म्हणून निर्धास्त होऊ नये. दगडाच्या धारेवर ते चटकन कापले जातात आणि टोकाचा हुक त्यांनाही लोखंडाचाच असतो. सोडलेल्या दोराच्या दीडपट अंतरावर बघ्यांना ठेवायचे, ही तर साधी गोष्ट. साधी, पण करणार कोण?

इथे मला खलाशांची आठवण होते. 1988 च्या जुलैत केरळात पेरुमनला आयलंड एक्स्प्रेसचे डबे अष्टमुडी तलावात कोसळले, तेव्हा ते बाहेर काढायला मलबारचे मापिळा खलाशी आपले दोर, कप्प्या आणि लाकडी चक्रे घेऊन आले होते. त्यांच्यात एकजण ओळ म्हणतो आणि बाकीचे त्या ठेक्यावर ओढतात. गाणे हा तिथे विरंगुळा नसून हुकूम असतो. आपल्याकडे 28 जुलै 2018 ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. तीस माणसे गेली. त्या पावसात दरीत उतरले ते महाबळेश्वर, पोलादपूर भागातले गिर्यारोहक, दोरावर. अशा मंडळींचा सराव कधी पाहावा. दोरावर एकच माणूस बोलतो. "थांबा" म्हणण्याचा अधिकार मात्र सगळ्यांना, अगदी नवख्या पोरालाही. आपल्या रविवारच्या चिखलात याच्या नेमके उलट चालते. "ओढ" सगळे म्हणतात आणि "थांबा" म्हणायला एकाचीही जीभ उचलत नाही.

माझ्या मते जीप काढायला पाच जण जमले असतील तर चौघे कमी पडले तरी चालेल. पाचवा हवाच, आणि त्याने दोराकडे पाठ करून लोकांकडे तोंड करून उभे राहावे. त्याचे काम एकच. कोणाला पुढे येऊ द्यायचे नाही. त्यात दुचाकीवरचा पोलीस पाटील आला तरी त्यालाही नाही, आणि गाडीमालकाची सासू आली तर तिलाही नाही. हे काम दिसायला कमीपणाचे असल्यामुळे कोणी घेत नाही. वयाने मोठ्या माणसाने घ्यावे. आमच्या वयाला एवढा तरी उपयोग असावा.

यावर तरुण मंडळी मला सांगतात, "काका, आम्ही चार वर्षे जातोय, कधी काही झाले नाही." हे वाक्य मी बँकेत फार वेळा ऐकले आहे. आजवर एकही हप्ता न चुकवलेले खाते हे उत्तम खाते असतेच असे नाही. कधी कधी त्याला अजून वाईट वर्षच आलेले नसते. शिवाय त्या चार वर्षांत दोर झिजत असतो, उन्हाने विरत असतो, एकदा गाठ मारून सोडलेल्या जागी दुबळा झालेला असतो. त्याचे पासबुक कोणी ठेवत नाही.

दोषाचा मोठा वाटा मात्र शहरातल्या हौशी मंडळींचाच नाही. मुरबाड-शहापूरकडे रुतलेली गाडी शेवटी काढतो तो गावातला ट्रॅक्टरवाला. पाचशे-हजार रुपये घेतो, रात्री-अपरात्री येतो, आणि पाटबंधारे खात्याने टाकून दिलेल्या जुन्या तारेने ओढतो. त्याचा अनुभव कोणत्याही क्लबातल्या माणसापेक्षा मोठा, आणि त्याचे साहित्य सर्वांत वाईट. त्याच्या ट्रॅक्टरभोवती उभी राहतात ती त्याच्याच घरची पोरे. वाहन परवान्याच्या परीक्षेत हा विषय यावा, विकणाऱ्याने प्रत्येक पट्ट्याबरोबर मराठीत सूचना द्याव्यात, या माझ्या मागण्या आहेतच; त्या केव्हा पुऱ्या होतील ते होवो. तोवर घाटाखालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने एक रुंद पट्टा, भार कोरलेले दोन शॅकल, एक कप्पी, चामड्याचे मोजे आणि एक जुनी गोधडी एवढे घेऊन ठेवावे. शहरातला हौशी माणूस टपावर दिव्यांची जी रांग लावतो, तिच्या किमतीत हे बसते. आणि हे सामान पंचायतीच्या कपाटात ठेवू नये. ज्याचा ट्रॅक्टर, त्याच्या पडवीत टांगावे. रात्री अकराला पंचायतीचे कुलूप उघडायला कोण येणार?